रिकाम्या डब्याचा दाखला

माणसाचा अपमान करायचाच झाला तर तो चारचौघांत करावा, असा काही वैद्यकीय नियम असावा. निदान आमच्या धारूरच्या आरोग्य शिबिरात तो काटेकोरपणे पाळला गेला.

दसरा होऊन गेला होता. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी आलाच नव्हता. ज्येष्ठ नागरिकांची मोफत रक्ततपासणी होती, आणि मी, तालुका दूध संघाचा निवृत्त सचिव भगवानराव, इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसलो होतो. शेजारी माझी थोरली बहीण छबुबाई. तिला आम्ही आक्का म्हणतो. वय पंच्याहत्तर, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. ती आमच्या वाडीत एकटीच राहते. तिची प्रकृती दाखवायला म्हणून मीच तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. त्याचा तपशील सांगत बसलो तर मला रडू येईल, आणि विषय गोळ्यांचा आहे.

डॉक्टरीणबाईंनी दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले. आक्काचं हिमोग्लोबिन अकरा पूर्णांक आठ. माझं नऊ पूर्णांक सहा.

"आजी, तुम्ही खाता काय?" त्यांनी विचारलं.

"भाकर," आक्का म्हणाली. "अन् तिच्यासंगं उगवंल ते. पाथरी, घोळ, अंबाडी. थंडीत हुलग्याचं माडगं. दुसरं काय खात्यात?"

"काका, आजींकडून शिका जरा," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या.

मागच्या रांगा हसल्या. बत्तीस वर्षं 'शिका जरा' हे वाक्य संघात मी इतरांना म्हणत आलो होतो. ते आपल्या दिशेनं येताना कसं लागतं, याची मला कल्पना नव्हती. आक्का हसली नाही. तिनं फक्त माझ्या दंडाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "वाळलास रे भगू."

घरी परतलो तेव्हा शेजारचे राधाकिशन ओट्यावर वाटच पाहत होते. राधाकिशन निवृत्त तलाठी. निवृत्तीनंतर त्यांनी शक्तीच्या गोळ्यांचं काम धरलं होतं. कुठल्याशा मोठ्या शहरातून बाटल्या येत आणि राधाकिशन त्या गल्लीतल्या पेन्शनरांच्या गळी उतरवत. गोळ्यांच्या बाबतीत हा शब्दप्रयोग शब्दशः घ्यावा.

"भगवानराव, डॉक्टरचं मनावर घेऊ नका," ते म्हणाले. "भाकरीत काय किती हाय, ते कुठं लिहिलेलं असतंय का? बाटलीवर समदं लिहिलेलं असतंय. लोह इतकं, चुना इतका, अमुक जीवनसत्त्व इतकं. तुमच्यासारख्या कागदाच्या माणसाला मी काय सांगावं?"

हा मुद्दा मला पटला. जे लिहिलेलं नाही ते अस्तित्वात नाही, या एका तत्त्वावर मी संघ चालवला होता. भाकरीवर खरंच काहीही लिहिलेलं नसतं.

माझी पत्नी सत्यभामा नेकनूरची. ती दारातून म्हणाली, "लिहिण्यानं अंगाला लागत असतं तर तलाठ्याचं घर गावात सगळ्यात धष्टपुष्ट असतं." राधाकिशन स्वतः काडी पैलवान आहेत. ते ऐकू न आल्यासारखं करून बाटलीचं झाकण फिरवत बसले.

मी दोन बाटल्या घेतल्या. एक मला, एक आक्काला.

माझ्या बाटलीची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती चारचौघांत सांगण्यासारखी नाही. चौथ्या दिवशी पोटाचं कामकाज तहकूब झालं. अकराव्या दिवशी मी ती बाटली जुन्या फायलींच्या मागं ठेवून दिली, आणि सदर बाब कोणालाही कळवली नाही.

नेमकी त्याच आठवड्यात भाऊबीज आली. वाडी आमच्यापासून बारा किलोमीटर, आणि रस्ता घाटाचा. पोटाच्या तशा अवस्थेत तो घाट मला झेपला नसता. आयुष्यात पहिल्यांदा भाऊबीजेला मी आक्काकडं गेलो नाही. ओवाळणी म्हणून तिची बाटली दूध संघाच्या गाडीतून पाठवली. ही गाडी रोज वाडीचं दूध आणायला जाते आणि तिचा ड्रायव्हर शहादेव माझ्याच काळात नोकरीला लागलेला आहे. त्याच्याजवळ निरोप दिला, "आक्काला म्हणावं, रोज एक गोळी घे. अन् संपल्यावर बाटली परत पाठव. म्हणजे घेतल्याचा मला पुरावा राहील."

पुराव्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. हा माझा गुण समजला जात असे.

बाटलीत साठ गोळ्या होत्या. म्हणजे दोन महिने. बाटली नवव्या दिवशी परत आली. स्वच्छ धुतलेली, तोंडाला फडकं बांधलेलं, आणि आत गच्च भरून जवसाची चटणी.

मी घाबरलो. नऊ दिवसांत साठ म्हणजे दिवसाला जवळजवळ सात. शहादेवला लगेच परत पिटाळलं. तो दुसऱ्या दिवशी सांगत आला, "आक्का ठणठणीत हायत. गोळ्या लई चांगल्या हुत्या म्हणाल्या, समद्यांना आवडल्या." ते 'समद्यांना' माझ्या डोक्यावरून गेलं. आक्का ठणठणीत आहे एवढं मी ऐकलं आणि साठच्या जागी एकशेवीसची बाटली पाठवली.

ती दहा दिवसांत हुलग्यांनी भरून आली. पुढची त्याहून मोठी होती, ती तिळानं. तिच्यानंतरची कारळानं. जितकी बाटली मोठी तितका माल जास्त, हे साधं गणित मला दिसत होतं आणि त्यात मला आक्काची भरभराट दिसत होती. दुष्काळातही आमच्या वाडीचं बरं चाललंय, असं मी ओट्यावर बसून दोघा-तिघांना सांगितलंही.

सत्यभामा हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं करी. सकाळी चहाबरोबर बिस्किटं खाणारा मी, आता वाटीभर माडगं आणि ज्वारीच्या भाकरीवर कारळाची चटणी खाऊ लागलो. पोटाचं कामकाज सुरळीत सुरू झालं. संक्रांतीला मी धारूरच्या किल्ल्याच्या दरवाजापर्यंत वाटेत न बसता गेलो. माघात पुन्हा रक्त तपासलं तर अकरा पूर्णांक नऊ. आक्काच्या दसऱ्याच्या आकड्याहून एक दशांश जास्त.

तो कागद राधाकिशननी माझ्या हातातून काढून घेतला आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी नेऊन दाखवला. "बघा, भगवानराव. तीन महिन्यांच्या गोळ्या." माझी बाटली तीन महिने फायलींमागं पडली होती. हे सांगायची ती वेळ नव्हती, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला लाज वाटली. कौतुक झाल्यावर माणूस खुलासा करत नाही.

फाल्गुनात शहादेव एका सकाळी गाडी थांबवून घरात आला. एरवी तो दारातूनच बोलतो.

"साहेब, आक्का टँकरपाशी पडल्या. चक्कर आलती. नर्सबाईनं रगत बघितलं तर आठ भरलं."

 माझ्यापेक्षा चार महिने जास्त, न चुकता, आधी सात-सात अन् नंतर बारा-बारा गोळ्या खाणारी बाई आठवर कशी येते, ते मला कळेना. मला एवढंच कळत होतं की आक्का पडली. ती पडू शकते हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

राधाकिशन मात्र विचलित झाले नाहीत. "डोस कमी पडतोय. गोळीनं भागणार न्हाई. आता पावडर. किलोचा डबा पाठवा."

डबा पाठवला. चांगला पत्र्याचा, रुंद, वर धावणाऱ्या माणसाचं चित्र. तो आठव्या दिवशी परत आला. आत काठोकाठ मटकी होती. सत्यभामानं ती परातीत ओतली, बोटांनी चाळवली आणि थांबली.

"ह्याला राख लागलीय," ती म्हणाली.

"राखेत खनिजं असतात," मी म्हणालो. बाटल्या वाचून वाचून माझं ज्ञान बरंच वाढलं होतं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग मटकी परत डब्यात भरली, झाकण लावलं आणि डबा देवाजवळ ठेवला. "ही आपण खायची न्हाई," एवढंच बोलली. कारण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला ते ठाऊक नाही हे उघड झालं असतं. मीही शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला, लहानपणी राखेचं मडकं पाहिलेला माणूस. पण बत्तीस वर्षं ऑफिसात काढल्यावर काही गोष्टी डोक्यातून गळतात, आणि नेमक्या नको तेव्हा गळतात.

पावडरचा दुसरा डबा पाठवायचा तर पुढचं संकट उभं राहिलं. संघाचे नवे सचिव बद्रीनाथ यांचं मला पत्र आलं. बद्रीनाथला पत्र लिहायला मीच शिकवलं, त्यामुळं पत्र उत्तम होतं. 'संकलन वाहनातून दूध, दुधाचे कॅन व संघाचे कर्मचारी यांखेरीज काहीही नेऊ-आणू नये, या आपणच केलेल्या नियम क्रमांक चारकडे आपले लक्ष आदरपूर्वक वेधण्यात येते.'

नियम मीच केला होता, हे खरं आहे. एका संचालकाच्या सासऱ्यांनी गाडीतून कोंबडा पाठवला होता. तो वाटेत सुटून कॅनवर बसला आणि त्या दिवशीचं दूध संघाला ओतून द्यावं लागलं. तेव्हा मी तो नियम रात्रभर जागून नव्हे, पण चांगला दोन दिवस बसून लिहिला होता. त्यात पळवाट एकही ठेवली नव्हती. आता मी ती शोधत बसलो, आणि माझ्याच कामाच्या दर्जाचा मला त्रास झाला.

अर्ज केला. तो संचालक मंडळापुढं गेला. तिथं ठराव झाला की माजी सचिवांची सेवा लक्षात घेता खास बाब म्हणून परवानगी द्यावी, अट अशी की जाताना डबा सीलबंद असावा, येताना डबा रिकामा असावा, आणि तो रिकामा असल्याचा दाखला पाठवणाऱ्या इसमाच्या सही-अंगठ्यानिशी गाडीबरोबर असावा. माझ्या हाताखाली तयार झालेली माणसं. 

डबा पाठवण्याआधीच शहादेव दाखल्याचा कागद अंगठ्यासाठी घेऊन वाडीला गेला आणि कोराच घेऊन आला.

"आक्का म्हणतात, जीव गेला तरी असल्या कागदावर अंगठा देणार न्हाई."

"कावून?" मी विचारलं. घाई झाली की माझी भाषाही घरी परत येते.

"ते तुमाला ठावं हाय म्हणाल्या."

मला ठावं नव्हतं. सत्यभामाला असावं, कारण ती उठली, कोपऱ्यातलं ज्वारीचं आख्खं पोतं तिनं ओढत दारात आणलं, देवाजवळचा मटकीचा डबा काढला आणि मला म्हणाली, "ॲपे बोलवा. आपण जातोय."

"पोतं कशाला?"

"चला तुमी."

ज्या गाडीचे नियम मी केले तिच्यात निवृत्त माणसाला बसता येत नसल्यानं आम्ही ॲपे रिक्षानं गेलो. वाटेत नर्सबाईंचं उपकेंद्र लागलं. त्यांनी लोहाच्या सरकारी गोळ्या बांधून दिल्या. मी त्यांना विचारलं, "इतक्या गोळ्या खाऊन आठ कसं भरलं?" त्या म्हणाल्या, "काका, गोळी आता लागणारच हाय त्यांना. पण पोटात भाकर असल्यावर. रिकाम्या पोटी नुसती गोळी काय करणार?" रिकाम्या पोटाचा विषय कुठून निघाला, ते मला समजलं नाही. मी आक्काचा सख्खा भाऊ, आणि समजत मलाच नव्हतं.

आक्का दारात घोंगडीवर पडली होती. आम्हाला पाहून उठायला गेली आणि भिंतीला धरून उभी राहिली. शिबिरात माझा दंड चाचपणारा तो हात आता माझ्या हाताच्या निम्मा झाला होता.

सत्यभामा थेट आत गेली. धान्याच्या कणगीवर तिनं थाप मारली. ती वाजली. पेरणीचं बियाणं राखेत जपायचं मडकं भिंतीशी पालथं घातलेलं होतं, खाली थोडी राख सांडलेली. चुलीवर कण्या शिजत होत्या, त्यात कण्या कमी आणि पाणी जास्त.

"भगू, डबा पोचला का?" आक्कानं विचारलं. "मटकी जरा राखंतली हुती. दुसरं काई ऱ्हायलं नव्हतं."

मी उंबऱ्यावर बसलो.

"आक्का, गोळ्या कुठं गेल्या?"

"वाटल्या की. भावाकडून आलेलं एकटीनं कसं खावं? गल्लीतल्या समद्या म्हाताऱ्यांना येकेक पोचवली. पावडर भिवराबाईच्या सुनंला दिली, बाळंतीण हाय ती."

"अन् तू?"

"मी खाल्ली की एक. कडू हुती."

"मग हे सगळं भरून कावून पाठवत होतीस? घरात काही नसताना?"

ती माझ्याकडं बघत राहिली, मी काही तरी अगदीच पोरकट विचारल्यासारखी. "तूच सांगितलंस ना, बाटली परत पाठव म्हणून. आता परत पाठवायची तर रिकामी कशी पाठवू? आपल्या आईनं कधी कुणाचं भांडं रिकामं धाडलंय का?" मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "पर भगू, येक सांगते, राग मानू नको. डबे जरा ल्हान पाठवीत जा."

मी रडलो. निवृत्त सचिव असलो तरी रडलो. मी पुरावा मागत होतो, आणि ती दर वेळी मोठा होत जाणारा माझा पुरावा स्वतःच्या ताटातून भरत होती. तिची पाथरी, घोळ पावसाअभावी उगवलीच नव्हती. राहिलेलं जे होतं ते मी खाल्लं होतं. माझं वाढलेलं रक्त कुठून आलं, ते आता समोर भिंतीला धरून उभं होतं.

पोतं आत आणलं तर आक्का आडवी आली. "हे न्हाई ठेवायचं. केवढं पोतं ते. मी भरून कुठनं देऊ?"

"परत मागितलंय कुणी?" मी म्हणालो.

"तू माग न्हाईतर नको मागू."

यावर माझ्याकडं कलम नव्हतं. ते सत्यभामाकडं होतं. तिनं फळीवरून ताट काढलं, त्यात दिवा ठेवला, बरणी पालथी करून चार थेंब तेल घातलं आणि ताट आक्काच्या हातात दिलं. "आक्का, ह्यांना ओवाळा. दिवाळीला आले नव्हते."

"चैतात भाऊबीज?"

माझ्या डोक्यात उजेड पडला. असले उजेड माझ्या डोक्यात ऑफिसच्या भाषेतच पडतात. "आक्का, मागची भाऊबीज प्रलंबित आहे," मी म्हणालो. "गाडीतून आलेली बाटली ओवाळणी धरता येत नाही. ती ताटात पडलेली नव्हती."

तिनं विचार केला. "ते बी खरंच. भाऊच न्हाई, तर ओवाळणी कशाची?"

मी पाटावर बसलो. तिनं ओवाळलं. मी पोत्याचं तोंड सोडून ओंजळभर ज्वारी ताटात घातली, बाकीचं पोतं ताटाला टेकवून उभं केलं आणि वर मटकीचा डबा ठेवला. "ओवाळणी परत करत नसतात," मी म्हणालो. "हे तूच मला सांगितलंयस."

 तिनं पोत्यावर हात ठेवला. सत्यभामानं तोवर मटकी राखेसकट मडक्यात भरली होती आणि काठवट काढून भाकरीचं पीठ मळायला घेतलं होतं. ती पंधरा दिवस तिथंच राहणार होती, हे मला तेव्हाच कळलं. सरकारी गोळी जेवणानंतर आक्काच्या तोंडात जाते की गल्लीत, यावर तिची नजर राहणार होती.

संध्याकाळी दुधाची गाडी आली. मी रिकामा डबा उचलला आणि दाखल्याचा कागद आक्कापुढं धरला. "आता तरी अंगठा दे."

"रिकामा डबा ह्या घरातनं जाणार न्हाई. ज्वारी आता माझी हाय का तुझी?"

"तुझी."

"मग झालं." ती पोत्याकडं वळली.

मी तिचा हात धरला. "एक मूठ. त्याच्यावर नाही. अन् इथून पुढं कधीच नाही."

"इथून पुढंबी येक मूठ," ती म्हणाली. यावर आमचं एकमत झालं. मूठ मात्र तिच्याच बारीक हाताची धरायची, हे मी मान्य करून घेतलं.

तिनं मूठभर ज्वारी डब्यात सोडली, झाकण लावलं, आणि कागद मला परत दिला. "आता तर मी मुळीच अंगठा देणार न्हाई. खोटं हुईल ते."

शहादेव हॉर्न वाजवत होता. त्याच्याकडं शाईचं पॅड होतं. बत्तीस वर्षं मी लोकांचे अंगठे घेतले, आणि दर सभेला सही शिका म्हणून भाषण केलं. त्या दिवशी 'डबा रिकामा आहे' या वाक्याखाली, छबुबाईच्या नावापुढं, मी माझा स्वतःचा डावा अंगठा उमटवला. तो चांगला उठला.

"बसा साहेब, नियमाचं मी बघतो," शहादेव म्हणाला. मी त्याच्या शेजारी, डबा मांडीवर घेऊन बसलो. घाट सुरू झाला. प्रत्येक खड्ड्याला डब्यातली ज्वारी खुळखुळत होती. गाडी सुरू करण्याआधीच शहादेवनं दाखला नीट वाचून, माझ्या निळ्या अंगठ्याकडं पाहून कागद खिशात घातला होता.

"रिकामं भांडं लई वाजतंय, साहेब," तो म्हणाला.

मी हो म्हणालो, आणि डबा दोन्ही हातांनी धरून बसलो.